दीड इंच माया

आमच्या भावोजींनी आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. एक, लोकांचे कपडे शिवले. दुसरं, माझ्या ताईच्या हातचं गिळलं. ताई जाऊन दीड वर्ष झालं. पहिलं काम त्यांनी चालू ठेवलं आणि दुसऱ्यासाठी माझी परस्पर नेमणूक झाली. मी अर्ज केला नव्हता हो. पण टपाल खात्यातून निवृत्त झालेली, एकटी, दुसऱ्या मजल्यावर राहणारी मेहुणी म्हणजे काय, बसल्या जागी मिळालेली खानावळ.

ते तळमजल्यावर राहतात. पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि निजायची खोली. रोज दुपारी साडेबाराला मी लाल झाकणाचा डबा घेऊन जिने उतरायचे. संध्याकाळी तो डबा घासूनपुसून, रिकामा, पायरीवर ठेवलेला असायचा. मी विचारायचे, "कसं होतं?" ते म्हणायचे, "बरं होतं." दीड वर्षात गाडी 'बरं'च्या पुढे एक इंच सरकली नाही. आणि इंच तर या माणसाच्या गळ्यातच लटकलेले असतात.

अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. कशासाठी, तर त्यांच्या मायेसाठी. गैरसमज नको. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून सोडलेलं जादा कापड. बाकीचे शिंपी अर्धा इंच सोडतात, हे दीड इंच. पोरं उंच होणार, मोठी माणसं सुटणार, मग उसवून सैल करता यायला नको का, असं त्यांचं म्हणणं. ताईच्या कोटालाही दीड इंच होती. तिच्याशी दोन गोड शब्द बोलल्याचं मात्र मी ऐकलं नाही. सगळी माया आतल्या बाजूला, बाहेर धागा दिसेल तर शपथ.

तर गोष्ट एका फोनने सुरू झाली. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, दुसऱ्या शहरात विमा कंपनीत आहे. दिवसभर लोक कसकसे पडतात, भाजतात आणि बुडतात याचे कागद तपासते. त्यामुळे तिला आपला बाप रोज एकदा तरी जिन्यावरून पडलेला दिसतो. तिचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. बाबांनी दुकान बंद करावं आणि तिकडे यावं, हा तिचा हट्ट. आता अकराव्या मजल्यावर उसवलेली पँट घेऊन कोण जाणार? मशीन बंद पडलं तर हा माणूस महिनाभरात भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा होईल, हे मला दिसत होतं. तिला दिसत नव्हतं, कारण तसा कागद तिच्या टेबलावर अजून आला नव्हता.

त्या दिवशी तिने फोनवर विचारलं, "बाबा, आज काय जेवलात?"

समोर माझी कोबीची भाजी. पण सांगणार कसं? मुलीला थाप मारली होती, 'मी स्वतः करून खातो.' मग कोबी तरी म्हणावं! नाही. मास्तर ताठ बसून म्हणाले, "पोर्क चॉप्स. आणि फ्राइड राइस."

मी कपाळावर हात मारला. ताई रविवारी करायची तो हा बेत. या माणसाला गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो हे ठाऊक नव्हतं, आणि थाप मारली ती थेट चॉप्सची.

मग भाची म्हणाली, "अरे वा! मग या रविवारी मलाही करून घाला. एकला पोचते. तुम्ही एकट्याने करायचं, मावशीने हात लावायचा नाही. जमलं तर मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. नाही जमलं तर बॅग भरायची."

"भरीन," मास्तर म्हणाले. शूर माणूस.

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "मेहुणीबाई, चॉप्स म्हणजे नेमका कुठला भाग?"

हातात चार दिवस होते. मी स्टुलावर बसून तोंडाने सांगायचं, हात मांडीवर ठेवायचे, असं ठरलं. बुधवारी त्यांनी खाटकाकडून डुकराच्या पाठीचे हाडासकट चार तुकडे आणले. गुरुवारी सकाळी मी खाली गेले, तर न्हाणीघरातल्या दोरीवर चारही चॉप्स चिमट्यांना लटकलेले. खाली बादली, त्यात टपटप.

"हे काय मांडलंय?"

"रात्रभर पाण्यात घातले होते. आता निथळतायत."

"का?"

"कोरं कापड आधी भिजवून घ्यावं लागतं. नाहीतर मागाहून आटतं."

आता या माणसाला काय बोलायचं? ते चॉप्स शिजवले, खाल्ले. चव विचाराल तर धुण्याचं पाणी बरं. मास्तरांनी मात्र घास चावत गंभीरपणे सांगितलं, "रंग गेलाय, पण आटलं नाही."

मिठाची तऱ्हा आणखी वेगळी. मी म्हटलं, "चवीपुरतं घाला." त्यांनी वही उघडली, पेन्सिल कानामागून काढली. "चवीपुरतं म्हणजे किती?"

"अहो, अंदाजाने."

"अंदाजाने बाही कापली तर गिऱ्हाईक अंगावर येतं."

शेवटी चिमटी ठरली. चिमटी माझी की त्यांची, यावर दहा मिनिटं वाद झाला. त्यांचीच ठरली, आणि वहीत 'तीन' असा आकडा पडला. भाताचं मात्र कौतुक करावं लागेल, नाइलाज आहे. फ्राइड राइसला भात गार आणि मोकळा लागतो एवढं मी म्हटलं. त्यांनी कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर धुतलेलं पांढरं अस्तर अंथरलं, त्यावर भात पसरला आणि वर पंखा सोडला. शीत शीत सुटं झालं. त्याच दुपारी एक बाई फ्रॉक न्यायला आल्या. टेबलावर वाळत घातलेला भात पाहून त्यांनी माझ्याकडे अशी दयेची नजर टाकली, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी भिजवणं रद्द झालं. सोया सॉस, लसूण आणि मिरपूड लावून तुकडे तव्यावर पडले आणि वळले. कडेची चरबी आखडली, मधला भाग वर फुगला, कडा करपल्या, पोट कच्चं. ताईचेही असेच वळायचे, माझेही वळतात. ताई वर खलबत्ता ठेवून दाबायची. मी तसं सांगितलं. पण मास्तर तव्यावर वाकून त्या कडेकडे बघत बसले, जणू कुणी त्यांच्या शर्टाची कॉलर चुकीची लावली होती.

"हे ओढतंय," एवढंच म्हणाले. शनिवारी त्यांनी मला खाली येऊच दिलं नाही. आतून दार लावलं. तव्याची चरचर तेवढी ऐकू आली.

आता माझा पराक्रम ऐका. मला या माणसाचा भरवसा किती? शून्य. म्हणून रविवारी अकरा वाजता मी माझ्या घरी गुपचूप चार चॉप्स केले आणि पातेलीभर फ्राइड राइसही. त्यांचं बिघडलं, की लाल डब्यातून खाली न्यायचं आणि हळूच ताटं बदलायची. मला फार हुशारी सुचली होती. तीस वर्षं लोकांची पत्रं योग्य दारात पोचवली, चार चॉप्स पोचवायला काय लागतं?

साडेबाराला बेल वाजली. दारात भाची, बॅगेसकट. गाडी लवकर पोचली म्हणे. खाली निजायला जागा नसते म्हणून तिची बॅग नेहमी माझ्याकडे असते, ते मी साफ विसरले होते. ती आत आली, एकदा नाक वर केलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन झाकण उचललं.

"मावशी."

"अगं, हे माझं आहे."

"दिसतंय ना."

"म्हणजे, त्यांचं खाली आहे. ते त्यांनी केलंय. हे मी असंच..."

"एकाच दिवशी, एकाच घरात, दोघांनी वेगवेगळे पोर्क चॉप्स केले?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, स्वतःच्या शब्दावर एकही उमटेना. खोटं बोलले असते तर निदान बरं जमलं असतं, खरं बोलायची सवय कुठे होती?

ती खाली उतरली, मागोमाग मी. कापायचं टेबल रिकामं करून त्यावर तीन ताटं मांडलेली. मास्तर इस्त्रीच्या शर्टात उभे, गळ्यात टेप. काढायची राहिली होती की धीरासाठी ठेवली होती, देव जाणे. ताटात चॉप्स, शेजारी गाजर, अंडं, कांद्याची पात घातलेला मोकळा भात. वासही झकास होता.

भाचीने बसायच्या आधीच सांगितलं, "बाबा, हे मावशीने केलंय. वरचं पातेलं मी पाहिलं. तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत. जेवून घेऊ आणि बॅग भरू."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, त्याचंच वाईट वाटलं. त्यांना कळेचना, की हिने असं का केलं. आणि मी तिथे उभी, स्वतःच्या चोंबडेपणाने त्यांचं घर, मशीन, खिडकीतला उजेड, सगळं एका पातेलीत घालून शिजवलेली. मला रडू आलं. साठीच्या बाईने रडावं असा प्रसंग नव्हता, पण आलं खरं.

मास्तर शिलाई मशीनचं चाक हाताने थोडं पुढे-मागे करत राहिले. "गार होतंय," म्हणाले. "आधी खाऊन घे. मग भरतो."

ती बसली. काटा उचलला, चॉप स्वतःकडे ओढला आणि थांबली. बोटाने तिने चरबीची कड चाचपली. मग ताट फिरवून दुसरी बाजू चाचपली.

"मावशी, तुझे घेऊन ये."

मी जिने कशी चढले आणि कशी उतरले, माझ्या गुडघ्यांना विचारा. माझे चॉप्स तिने त्यांच्या शेजारी ठेवले. माझे बशीसारखे वर वळलेले, कडा काळ्या. त्यांचे इस्त्री केल्यासारखे सपाट, आणि कडेच्या चरबीला ओळीने बारीक काप दिलेले.

"हे काप कशाला?" तिने विचारलं.

"गोल शिवण आहे ना," मास्तर म्हणाले. "काप नाही दिले तर ओढते, वर वळते. तुझ्या शाळेच्या ड्रेसच्या गळ्याला द्यायचो, तसेच दिलेत. कात्री नवीन होती हो, कापडाची नाही."

भाची उठली. बापाच्या गळ्यातली टेप काढली आणि विमा कंपनीला शोभेल अशा गंभीरपणे चॉपच्या कडेवरचं दोन कापांमधलं अंतर मोजलं. अर्धा इंच. अर्धा इंच. अर्धा इंच. तिसऱ्या चॉपपर्यंत मोजत गेली. मग टेप तशीच हातात धरून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझ्या ड्रेसचा गळा कधीच वर वळला नाही. वर्गात सगळ्यांचे वळायचे."

आणि ती खायला लागली. पहिला चॉप संपवल्यावर तिने निकाल दिला, "मीठ कमी आहे."

"तीन चिमट्या मोजून घातलंय."

"तुमची चिमटी सुई धरायची आहे, बाबा. पाच घाला."

मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढून वहीत तीन खोडलं, पाच लिहिलं. तिने दुसरा चॉप घेतला. माझ्याकडे एकाही माणसाने बघितलं नाही. भाचीची बॅग संध्याकाळी माझ्याच घरून, एकटीच, परत गेली. जाताना भाचीने बापाला एवढंच बजावलं, "रविवारी फोन करीन. काय केलंत ते खरं सांगायचं. कोबी असेल तर कोबी."

चला, सुटले एकदाची, असं मी मोठ्याने म्हटलं. दोनदा म्हटलं. मग लाल डबा घासून फळीवर उपडा घातला आणि त्याच्याकडे बघत बसले. माणसाला आता स्वयंपाक येत होता. उद्या साडेबाराला मी नेमकं काय करणार होते? दीड वर्ष मी या डब्याच्या नावाने खडे फोडले, आणि आता तो हातात नसणार म्हटल्यावर घर खायला उठलं. हे मी कुणाला सांगणार नव्हते, तुम्हाला सांगितलं.

सोमवारी सकाळी डबा फळीवर नव्हता. शोधाशोध केली. म्हटलं, वय झालं. साडेबाराला जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी, थांबणं. ताई गेल्यापासून हा माणूस वर आला नव्हता, गुडघा धरतो म्हणून. दारात मास्तर, धापा टाकत, हातात लाल झाकणाचा डबा. सकाळी मी दुधाला गेले, तेव्हा भाची जाताना खाली ठेवून गेलेली माझ्या घराची किल्ली वापरून चोरून नेला होता, म्हणजे आज जिन्याची ही दुसरी खेप.

"काल भात बेतताना थोडी माया सोडली होती," ते म्हणाले. "चॉप ताजा आहे."

"किती सोडली होती?"

"नेहमीचीच. दीड इंच."

मी तिथेच, दारात उभ्याउभ्या झाकण उघडलं. सपाट चॉप, कडेला काप, सुटा भात. खाल्ला सगळा. मास्तर उंबऱ्यावर भिंतीला टेकून वाट बघत होते. वहीसुद्धा आणली होती.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

मी डबा घासला, पुसला आणि रिकामा त्यांच्या हातात दिला.

"बरं होतं," मी म्हटलं.