दाजींची फितूर

आमचे दाजी खाटीक नव्हते, पण त्यांचं काम बघून खाटकाने हात जोडले असते. ताईचं लग्न ठरलं तेव्हा सांगण्यात आलं होतं, की मुलगा वनखात्यात आहे, बेटांवरचे पक्षी सांभाळतो. सांभाळतो म्हणे, डोंबल! पक्षी सांभाळायचे म्हणजे शेळ्या मारायच्या, हे लग्नाच्या बोलणीत कोण सांगतंय? मी त्यांची होडी चालवायचो, म्हणून माझ्या नशिबी सगळं बघणं आलं.

कधीकाळी जहाजवाल्यांनी जाता-येता मटण मिळावं म्हणून आम्ही जायचो त्या बेटावर शेळ्या सोडल्या. शेळ्यांनी झुडूप म्हणून ठेवलं नाही. तिथे एक तांबडा पक्षी होता, आम्ही त्याला पळ्या म्हणायचो. पंख नुसते नावाला, उडता येत नाही. तो झुडपाखाली अंडी घालायचा. झुडूपच गेल्यावर अंडी उघड्यावर पडली आणि समुद्रपक्ष्यांचं आयतं फावलं. खात्यातल्या संशोधक बाई मला होडीत समजावायच्या, "बेट जितकं लहान तितके त्यावरचे जीव लवकर संपतात. आणि किनाऱ्यापासून जितकं लांब, तितके नवे कमी येतात. हे बेट लहानही आहे आणि लांबही. पळ्या जगात दुसरीकडे कुठेही नाही. इथून गेला की गेला."

दाजींना हे समजवावं लागत नव्हतं. शेजारच्या बेटावर पळ्याचाच एक भाऊबंद होता. तिथल्या शेळ्या दाजींनीच मारल्या आणि बेट रिकामं झालं म्हणून सांगितलं. एक गाभण शेळी कपारीत राहिली होती. पुढे तिथे शेळ्याच शेळ्या झाल्या आणि पक्षी एकही उरला नाही. ते कळलं त्या दिवशी दाजींनी दुर्बीण खडकावर आपटून आपटून फोडली आणि वर माझ्याच कानफटात मारली. मी काय केलं होतं? काही नाही. मी जवळ उभा होतो.

उरलेल्या शेळ्या माणसाला सापडत नाहीत. त्यांना शेळीच शोधते, कारण शेळीला एकटं राहवत नाही. म्हणून एक पाळीव शेळी घ्यायची, तिला पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करायचं, गळ्यात ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राचा पट्टा बांधायचा आणि बेटावर सोडून द्यायची. ती बरोबर कळपात जाते. मग बाकीच्यांना गोळ्या घालायच्या आणि तिला तेवढी जिवंत ठेवायची. ती पुन्हा सोबत शोधत निघते, आपण पुन्हा मागे. आमच्यात अशा शेळीला फितूर म्हणतात. आमची फितूर ताईने बाटलीने दूध पाजून वाढवलेली होती. ताई तिला ठमी म्हणायची आणि काम संपलं की तिला घरी आणायचं, असं तिने दाजींकडून वदवून घेतलं होतं.

त्या हंगामात आम्ही ठमीच्या मागे सगळं बेट पालथं घातलं. दाजी मारायचे आणि मेलेल्या प्रत्येक मादीचं पोट फाडून बघायचे. आत करडं दिसली की शिवी हासडायचे. एका बोकडाने जाता जाता त्यांच्या बरगड्या मोडल्या. त्यांनी तसंच खाली पडून त्याच्या नरड्यात सुरा घातला. मी ओकलो. "ओक, ओक," दाजी म्हणाले, "पण बोकड ओढायला ये." आणि या सगळ्यात ठमी बाजूला उभी राहून बघायची.

मग ती प्रत्येक फेरीला एकटीच दिसायला लागली. फितूर लागोपाठ एकटी दिसली की बेट रिकामं, असा आमचा ठोकताळा. बाईंनी हुश्श केलं. मी तर होडी धुवायला घेतली. दाजी मात्र कड्यावर बसून राहिले.

"मेव्हण्या, ती ओरडत का नाही?"

"कोण?"

"अरे, एकटी शेळी बोंबलून बेट डोक्यावर घेते. ही गप्प आहे. हिला कळलंय, आपण ज्याच्याकडे जातो तो मरतो. ही त्यांना टाळतेय!"

आणि दाजी दिसले रे दिसले, की ती कड्याकडे पळायची. पुढच्या फेरीला दाजींनी घरून ताईचा जुना स्वेटर मागून घेतला. थंडीसाठी मागतायत म्हणून ताई खूश झाली. बेटावर उतरल्यावर दाजींनी तो अंगावर चढवला, बंदूक माझ्याकडे दिली आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन ताईसारखी हाक मारली, "ठमे, ये गं!" ती आली. धावत आली, बाही हुंगली आणि इतक्या दिवसांचं तोंड उघडून बोंबलली. खालच्या कपारीतून उत्तर आलं.

तिथे एक तरणा बोकड होता आणि एक गाभण शेळी. मी बंदूक दिली. पहिली गोळी बोकडाच्या कण्यात बसली. तो पुढच्या पायांवर घसटत आला, दाजींनी दगडाने त्याचं डोकं ठेचलं. शेळी आत कोपऱ्यात होती, तिथे बंदूक चालवणं शक्य नव्हतं. दाजी सुरा घेऊन आत शिरले. ठमी त्यांच्या बाहीत नाक खुपसत सोबतच आत गेली. सुरा त्याच हातात होता. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड रक्ताने माखलेलं होतं. दाजींनी स्वेटर समुद्रात फेकला आणि तिचे पाय बांधून तिला होडीत घातलं.

बेट वाचलं. पुढच्या वर्षी बाईंनी पळ्याची पिल्लं झुडपाखाली पाहिली आणि आनंदाने त्या रडल्या. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

पण ठमीला आणलं त्या दिवशी होडी धक्क्याला लागली तेव्हा ताई धावत आली. "ठमे! आली का गं माझी बाय!" पाय सोडल्यावर ठमीने तिचा हात हुंगला आणि जागीच मुतली. मग वळून धक्क्याच्या भिंतीवर धडका मारायला लागली. शिंग मोडलं, रक्त आलं, तरी थांबेना. ताई जवळ गेली की जास्तच. शेवटी मी ठमीला कवेत धरून खाली दाबलं.

"अहो, काय केलंत तिला?"

दाजींनी सगळं सांगितलं, स्वेटरसकट. काही लपवलं नाही. ताईने दोन्ही मुठींनी त्यांना बडवलं, मोडलेल्या बरगड्यांवरच बडवलं. ते नुसते उभे राहिले. मारून मारून दमल्यावर ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तिच्या जातीचं तिथे कुणी ठेवलं नाहीत. इथे मी एक होते. आता ती जाणार कुणाकडे?"

 तो हंगाम दाजींचा शेवटचा ठरला, त्यांनी पुन्हा बंदूक हातात धरली नाही.