तोमेमावशीचं फाटक

खोटं मी बोललो. मी, गेन्साकु, गावच्या सभेचा प्रमुख! तोंडाला काळं फासायला हवं होतं माझ्या.

तोक्योहून नागोयाला टोलचा महामार्ग निघणार, पुढं देशभर असेच रस्ते एकमेकांना जोडणार, अशी तेव्हा हवा होती. तो आमच्या चहाच्या टेकडीवरून जाणार होता. तिथल्या अकरा घरांनी जागा द्यायच्या सह्या करून टाकल्या. तोमेमावशी तेवढी अडून बसली. तिचा एकुलता एक यासुजी माझ्याच वर्गातला. लढाईत बोटीबरोबर बुडाला. घरी आली ती अस्थींची पेटी, आणि आत नुसता एक खडा.

मावशीचं एकच म्हणणं, "बोनला माझं पोर घरी येतं. फाटक हललं तर ते कुठं शोधत बसेल रे?"

ऑगस्टात बोनचे दिवस आले की आमची मेलेली माणसं घरी येतात. फाटकाशी तागाच्या काड्या पेटवायच्या, त्या उजेडानं त्यांना घर सापडतं. लवकर यावीत म्हणून काकडीला चार काड्या टोचून घोडा करून ठेवायचा.

मी म्हटलं, "मावशी, कर सही. दर बोनला फाटकाच्या जागी तुला जाळ करू देतील."

"नक्की?"

"अगं, माझा शब्द आहे!"

रस्तावाल्यांना मी विचारलंसुद्धा नव्हतं. मावशीनं सही केली.

रस्ता झाला. तेरा ऑगस्टला मावशी ठेवणीतला किमोनो घालून, काड्यांची जुडी घेऊन माझ्या दारात हजर. "चल रे, उशीर नको." आता कुठल्या तोंडानं सांगणार? बसवली तिला माझ्या छोट्या ट्रकमध्ये. टोलनाक्यावर चिठ्ठी घेतली आणि निघालो. दोन्हीकडे कुंपण, थांबायची सोय नाही.

"आलं का रे?"

"मावशी... मागं गेलं."

"कधी?"

"आत्ताच."

ती मान वळवून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मलाच दिसलं नाही, त्याला काय दिसणार?" त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या नाक्यावर मी टोल भरला. मावशीनं किमोनोच्या झोळीसारख्या बाहीतून दोन नाणी काढली आणि माझ्यावरून हात लांबवून खिडकीतल्या माणसापुढं धरली.

"हे माझ्या यासुजीचे. तो आज यायचाय. त्याच्याजवळ काही नसेल. अडवू नका हं त्याला."

तो माणूस अवघडला. "आजी, या रस्त्यावर पायी यायला बंदी आहे हो."

"पायी कशाला येईल?" मावशी म्हणाली, आणि बाहीतला काकडीचा घोडा तिनं त्याच्या खिडकीत ठेवला.

घोडा कलंडला. त्या माणसानं तो दोन्ही हातांनी धरून नीट उभा केला. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, आणि मी रडत होतो.