व्याह्यांचं पहिलं बटण

माझ्या व्याह्यांवर कुणीतरी चार ओळी लिहाव्यात असं मला बरेच दिवस वाटत होतं. कुणी लिहिल्या नाहीत. मी जन्मभर भिंतींतून वायरी ओढल्या. कागदावर लिहिल्या त्या फक्त सामानाच्या याद्या. तेव्हा काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

व्याही ड्राफ्ट्समन. इमारत उभी राहायच्या आधी तिचे दिवे, पंखे आणि बटणं कागदावर काढणारा माणूस. पस्तीस वर्षं एकाच ऑफिसात, एकाच खिडकीशेजारी त्यांनी हेच काम केलं. बुटके, नीटनेटके, खिशाला कायम दोन टोकदार पेन्सिली. त्यांच्या लेकीचं आणि आमच्या चिरंजीवांचं जमवायला ते आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "आपण काय करत होता?"

"वायरमन होतो."

ते खुर्चीत एकदम ताठ झाले. "म्हणजे आमच्या ड्रॉइंगवर डबे खाणारे ते तुम्हीच!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण माझे कान तापले, कारण ते खरं होतं. कामाच्या जागी जिकडेतिकडे सिमेंट आणि धूळ. ड्रॉइंगचा कागद चांगला हातभर रुंद आणि जाड. दुपार झाली की आम्ही तो पसरायचो आणि त्यावर चार डबे मांडायचो. वायरिंग मात्र भिंत बघून व्हायचं. बटण दाराआड जातंय असं दिसलं की ते परस्पर सरकवायचं आणि कुणाला काही बोलायचं नाही, अशी आमची रीत.

लग्न झालं. सूनबाई दातांची डॉक्टर. दोन वर्षांनी तिने स्वतःच्या दवाखान्यासाठी जागा घेतली. पुढे एक खोली, मागे एक खोली आणि दोन्हींना जोडणारा लांब बोळ.

"विजेचा प्लॅन मी काढणार," व्याह्यांनी जाहीर केलं. तोवर ते निवृत्त झाले होते. ऑफिसातल्या शेवटच्या वर्षी इमारतीच्या डिझाइनचं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात नुसत्या रेघा नसतात, अख्खी इमारत पडद्यावर उभी राहते. पण साहेबांनी ते तरुण मंडळींना शिकवलं आणि यांना सांगितलं, "तुमचं आता काय राहिलंय?" ते यांच्या मनाला लागलं होतं. म्हणून लेकीच्या दवाखान्याचं निमित्त करून एकसष्टाव्या वर्षी ते घरीच शिकायला बसले. दोन महिने लॅपटॉप आणि ते.

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली," विहीणबाई म्हणायच्या, "माझ्याकडे एकदाही इतकं निरखून बघितलं नाही."

एका रविवारी आम्हा सगळ्यांना प्लॅन बघायला बोलावणं आलं. वरून बघितलं तर सगळं जिथल्या तिथे होतं. दारं, खुर्ची, दिवे, बटणांचे बोर्ड. "आता उभं करतो," असं म्हणून त्यांनी एक कळ दाबली. भिंती उभ्या राहिल्या, दारं उभी राहिली. बोर्ड मात्र सगळेच्या सगळे जमिनीवर बसलेले आणि दिवे फरशीला चिकटलेले.

आम्ही सगळे पडद्याकडे वाकलो. मग सूनबाई म्हणाली, "बाबा, पेशंटनी पायाच्या अंगठ्याने दिवे लावायचे का?"

"चांगलंच की," चिरंजीव म्हणाले, "तुझे हात मोकळे राहतील."

व्याही कपाळावर हात मारून म्हणाले, "पस्तीस वर्षं मी छतावरच्या पालीसारखा वरूनच बघत आलो हो! पालीला उंची कुठली दिसायला? उंची म्हणजे आमच्याकडे कागदाच्या कोपऱ्यातली टीप."

मग त्यांनी सगळे बोर्ड निवडले आणि उंचीच्या चौकटीत बाराशे लिहिलं.

"बाराशे काय?" मी विचारलं.

"मिलिमीटर."

"मग चार फूट म्हणा की."

तेवढ्यात पडद्यावरचे सगळे बोर्ड एकदम उठून भिंतीवर गेले. व्याह्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. शून्य लिहून त्यांनी बोर्ड पुन्हा बसवले, बाराशे लिहून पुन्हा उठवले. "बसा! उठा! बसा!" शाळेत कवायत घेतात तसं. दिव्यांना मात्र एकदाच छताला लावून त्यांनी सोडून दिलं.

निघताना ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. तिथे हळूच म्हणाले, "व्याही, एक मागू?"

"मागा की."

"हजारो बटणं काढली मी. पण इमारती कुठे कुठे, आणि मी टेबलाशी. स्वतः काढलेलं एकही बटण आजवर दाबलेलं नाही. या खेपेला जसं काढलंय तसंच लावा. मला माझं एक बटण दाबायचंय."

मी हो म्हटलं आणि घरी जाईपर्यंत घाबरलो. काढलंय तसंच लावायची मला सवयच कुठे होती?

काम सुरू झालं. मदतीला माझा जुना जोडीदार आला होता. मी ड्रॉइंग चिकटपट्टीने भिंतीवर लावलं, तशी त्याने विचारलं, "मग डबा कशावर खायचा?"

"मांडीवर."

"व्याही झाल्यापासून बिघडलास तू."

चार दिवस सगळं कागदाबरहुकूम चाललं. बोर्ड तेवढे बसवायचे राहिले होते. पाचव्या दिवशी सुताराने मागच्या खोलीचं दार बसवलं, ते उलट्या बाजूला उघडणारं. सूनबाईनेच तसं सांगितलं होतं. खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूस बोळातून दिसू नये, म्हणून. पण आता दार उघडलं की बोर्डाची जागा बरोबर त्याच्या आड जात होती.

"घे पलीकडच्या भिंतीला," जोडीदार म्हणाला. "पाच मिनिटांचं काम. व्याह्यांना कुठे कळतंय?"

चाळीस वर्षं मी हेच करत आलो होतो. छिन्नी-हातोडा हातातच होता. तो खाली ठेवला आणि व्याह्यांना फोन लावला.

"व्याही, दार फिरलंय. बटण दाराआड जातंय."

 पलीकडून बारीक आवाज आला, "म्हणजे माझं चुकलं?"

"नाही हो, दार फिरलं. तुम्ही या इकडे."

"मी? तिकडे? जागेवर गेलं की माणसाच्या सगळ्या चुका दिसतात, व्याही."

"दिसू देत. तुम्हीच काढा, मी लावतो."

अर्ध्या तासात ते आले. कडक इस्त्रीचे कपडे, छातीशी धरलेला लॅपटॉप. उंबऱ्यावर बूट काढायला लागले, तसा जोडीदार ओरडला, "अहो, खिळे आहेत खाली!" आत येऊन त्यांनी आधी भिंतीला हात लावून बघितला. "कागदावर ही नुसती दोन रेघांची असते," ते म्हणाले.

मला एक युक्ती सुचली. बरोबर की चूक, कोण जाणे. मी म्हटलं, "बाहेर जा. डोळे मिटा. खोलीत अंधार आहे असं समजा आणि आत या."

ते गेले. दार ढकलून डोळे मिटून आत आले. त्यांचा डावा हात आपोआप भिंतीवर गेला आणि टेकला.

"हलू नका!" मी त्यांच्या पंजाभोवती खडूने गोल काढला आणि टेप लावली. "अकराशे. तुमचे बाराशे कुठे गेले?"

"ते नियमाचे," पंजाकडे बघत ते म्हणाले. "हे हाताचे."

तेवढ्यात सूनबाई आली. तिनेही त्या गोलावर हात ठेवून बघितला. "बाबा, मला इथेच बरं पडेल."

"बुटक्यांचं घराणं," जोडीदार पुटपुटला. सगळ्यांत मोठ्याने व्याहीच हसले.

मग ते पालथ्या बादलीवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला, दाराआडचं बटण पुसून खडूच्या गोलाच्या जागी काढलं आणि सगळ्या बोर्डांना अकराशेवर आणलं. मग पडदा माझ्याकडे वळवून म्हणाले, "बघा बरं, बरोबर आहे का?"

ड्रॉइंग बरोबर आहे का, असं मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी चष्मा पुसून नीट बघितलं आणि सांगितलं, "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कागद छापून आणला. मी त्याच्या बाहेर बोटभरही गेलो नाही.

वीज आली त्या दिवशी दुपारी सगळे जमले. बोळातल्या दिव्याला दोन बटणं होती, एकेका टोकाला एकेक, म्हणजे एकीकडून लावायचा आणि दुसरीकडून घालवायचा. व्याही पहिल्या बटणापाशी उभे राहिले. रुमालाने बोट पुसलं. पुन्हा पुसलं.

"दाबा की!" विहीणबाई म्हणाल्या. "नवरी मुलगी आहात का, लाजायला?"

त्यांनी दाबलं. बोळ उजळला. आम्ही सगळे वर दिव्याकडे बघत होतो, ते मात्र बटणाकडे. मग झपझप दुसऱ्या टोकाला गेले आणि दिवा घालवला. परत या टोकाला आले आणि लावला. पुन्हा तिकडे.

"अहो, बल्ब जाईल!"

"जाऊ दे. दुसरा लावायला व्याही आहेत."

अशा सात-आठ फेऱ्या झाल्यावर त्यांना भूक लागली. दवाखान्यात सामान अजून आलं नव्हतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दातांची खुर्ची तेवढी होती, आणि खाली धूळ. मी बसायला काही मिळतंय का बघत होतो, तोवर व्याह्यांनी भिंतीवरचं ड्रॉइंग अलगद सोडवलं आणि फरशीवर पसरलं.

"अहो, हे नको!" मी म्हणालो.

"पस्तीस वर्षं माझ्या माघारी जेवलात," ते म्हणाले, "आज समोर जेवा."

जोडीदाराने लगेच मांडी ठोकली. डबे उघडले. मला मात्र माझा डबा कुठे ठेवावा ते कळेना. कागदावर मागच्या खोलीत बोर्ड, बोळात बटणं. शेवटी कोपऱ्यात एक रिकामी जागा सापडली, जिथे एकही पॉइंट नव्हता, तिथे ठेवला.

व्याह्यांनी आपला डबा थेट बोळातल्या दिव्यावर ठेवला. मी बघतोय हे बघून म्हणाले, "त्याचं काय आता? तो वर लागलाय."