बझरवरचा प्रश्न

मिक्सर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सोल्डरिंग केलं, तो धूर नाकात गेला आणि नाशिकच्या द्वारका चौकाजवळची माझी भाड्याची खोली आठवली. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी नाशिकला आले तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. संध्याकाळी घालवायच्या कशा, म्हणून हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाच्या परवान्याची तयारी सुरू केली. परीक्षेत लांब-आखूड आवाजांचा मोर्स कोड ऐकून अक्षरं लिहावी लागत. पाठवणारं कोणी नसल्याने मीच सोल्डर करून जोडलेला बझर वाजवून कॅसेटवर भरायचे आणि मीच ऐकून लिहायचे. एकही चूक होत नव्हती. परीक्षा तोंडावर आल्यावर लक्षात आलं की मजकूर मला पाठ झालाय. खाली राहणाऱ्या घरमालकीण काकू जिन्यात भेटल्या. “काय गं, वर टिटवी पाळलीस का?” मी अडचण सांगितली. निवृत्त शिक्षिका त्या, लगेच वर आल्या आणि अक्षरांचा तक्ता पुढ्यात घेऊन म्हणाल्या, “भिंतीकडे तोंड कर. बघून लिहायचं नाही.” बाहेर ट्रकचे हॉर्न चालू होते. काकू एकेक अक्षर शोधून सावकाश बझर दाबत होत्या. मी इंग्रजी शब्दाची वाट पाहत होते आणि इंग्रजी अक्षरांत कागदावर उतरलं, ‘जेवलीस का’. मी मागे वळून पाहिलं. “चुकलं का माझं काही?” “नाही काकू, बरोबर आहे.” “मग उत्तर दे की.” पुढे परवाना मिळाला, दूरदूरच्या माणसांशी बोलले. सगळ्यांनी नाव, गाव आणि आवाज नीट येतोय का, तेवढंच विचारलं. मिक्सरवाला गेला तेव्हा दुपार टळली होती आणि मी अजून जेवले नव्हते.