आत्या अजून आल्या नाहीत

माझ्या भाच्याच्या बारशाला मी अर्धा तास आधी पोचले होते, आणि मुहूर्त टळत आला तरी सगळे माझी वाट बघत होते.

माझी चूक एवढीच, की मी बारीक झाले होते.

पूर्वी माझं वजन एकशे अठरा किलो होतं. चाकणच्या एका कंपनीत मी डिस्पॅचला आहे. मालाचा मोठा काटा माझ्या टेबलामागेच, पण मी कधी त्यावर चढले नाही (काट्यालाही काही इज्जत असते!). मग एकदा कंपनीच्या बसच्या पायरीवर दम लागून मी मधेच बसकण मारली, मागे अख्खी सेकंड शिफ्ट खोळंबली, आणि मी ठरवलं, बस्स झालं. ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढी पिशवी शिल्लक ठेवली. सोबतीला धाकटा भाऊ विकास होता. त्याने सासुरवाडीला एवढंच कळवलं, "ताईचं पोटाचं ऑपरेशन झालंय." कसलं ते त्याने सांगितलं नाही, मीही सांगू दिलं नाही.

पुढचं वर्ष मी निगडीच्या वन बीएचकेत वरणाच्या पाण्यावर काढलं. लोकांना वाटतं, भूक गेली म्हणजे सुटली बाई! अहो, भूक जाते, पण संध्याकाळ कुठे जाते? आधी माझा कसा भरगच्च कार्यक्रम असायचा: आल्या आल्या पोहे, मग भजी, मग जेवण, मग आइस्क्रीम. आता चार चमचे खाल्ले की दिवस संपला, आणि पुढे भिंतीकडे बघत बसायचं. कॅन्टीनमधल्या मैत्रिणींनीही हळूहळू हाक मारणं सोडलं. "तू काय, खात तर नाहीस!" फार एकटं वाटायचं. त्या वर्षात मला एकाच आशेने तारलं. बारशाला विकासच्या सासरच्या बायका मला बघतील आणि एका सुरात ओरडतील, "अगं बाई, आत्या! किती बारीक झालात!" त्यावर लाजायचं कसं, "छे हो, कुठे!" म्हणायचं कसं, याची मी आरशासमोर तालीमही केली होती.

बारसं भावजयीच्या, म्हणजे प्राजक्ताच्या माहेरी होतं, चिंचवड गावठाणात. त्या मंडळींनी मला पाहिलेलं दोन वर्षांपूर्वी, लग्नात, पूर्ण आकारात. विकासची फर्स्ट शिफ्ट होती, तो पेढे घेऊन परस्पर येणार होता. मी मोरपंखी साडी नेसून एकटीच गेले. (ब्लाउज नवीन शिवावा लागला. जुन्यात मी आणि वर आणखी एक बाई मावली असती.)

दारात प्राजक्ताच्या आई उभ्या होत्या. मी हसले. त्याही हसल्या. मी वाट बघत थांबले. त्याही थांबल्या.

"या ना," शेवटी त्या म्हणाल्या. "पार्लरच्या ना तुमी? प्राजू आत हाय, बाळाला पाजतीया. बसा जरा."

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण वर्षभर जीभ मारलेल्या बाईलाही मान असतो! म्हटलं, ओळखू देत आपणहून.

हॉलमध्ये पाळण्याशेजारी एक भक्कम लोखंडी खुर्ची होती, वर उशी, पाठीला शाल. बाकी सगळ्या प्लास्टिकच्या. मी सवयीने लोखंडी गाठली. (प्लास्टिकच्या खुर्च्यांशी माझं जुनं वैर आहे. एक तर विकासच्या हळदीतच शहीद झाली.) तेवढ्यात प्राजक्ताच्या आजी काठी आपटत आल्या.

"उठा, उठा! ती आत्याबाईंची खुर्ची हाय! त्यास्नी साधी चालत न्हाई. मुद्दाम वेल्डिंगवाल्याकडनं करून आणलीया!"

मी उठले. माझ्यासाठी वेल्डिंग केलेल्या खुर्चीवरून मलाच उठवलं!

प्लास्टिकच्या खुर्चीत अंग चोरून बसले आणि कान टवकारले. बायका माझ्याबद्दलच बोलत होत्या. मी मन घट्ट केलं. जाड माणसाच्या मागे काय बोलतात ते मी शाळेपासून ऐकत आलेय.

"लई गोड बाई," प्राजक्ताच्या आई सांगत होत्या. "लग्नात मानपानावरनं तोंडं फुगली व्हती सगळ्यांची. ह्या मधी बसल्या अन् असं हसवलं, की सगळे गार!"

"आन पाठ कसली भरदार!" आजी हात चोळत म्हणाल्या. "बारशाला आत्या आशी पायजे. धपाटा कसा घुमला पायजे!"

(आमच्याकडे आत्याने बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं, की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का, ते कुणाला माहीत नाही, पण हात आवरता कुणी घेत नाही.)

एवढ्या मायेने ही माणसं त्या जाड बाईची वाट बघत होती, आणि ती आता येणारच नव्हती. मीच तिला भूल देऊन घालवली होती.

इतक्यात दार भरून एक बाई आत आल्या. दार भरून म्हणजे अक्षरशः! मागचा जिना दिसेना.

"आल्या! आत्याबाई आल्या!" प्राजक्ताच्या आई ओरडल्या. माझा आकार त्यांच्या लक्षात राहिला होता. चेहरा बहुतेक कुणी बघितलाच नव्हता.

त्या बाईंना काही कळायच्या आत हातातला डबा काढून घेतला गेला, कुंकू लागलं, ओटी भरली, लोखंडी खुर्चीत स्थापना झाली आणि मांडीवर माझ्या मानाची पैठणी आली.

"पोटाचं आपरेशन झालं म्हनं तुमचं?" आजींनी विचारलं. "आता बरं हाय न्हवं?"

"सात वर्सं झाली की त्याला," बाई म्हणाल्या.

आता मात्र मला राहवेना. मी उभीच राहिले. "अहो, आत्या मी आहे! मी सुवर्णा! विकासची बहीण!"

सगळ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी पार्लरच्या न्हवं?" आजी म्हणाल्या.

"नाही हो! ऑपरेशन करून बारीक झालेय!"

"आपरेशन तर ह्यांचं झालंय," आजींनी खुर्चीकडे काठी केली.

"सात वर्सं झाली," बाईंनी दुजोरा दिला.

तेवढ्यात प्राजक्ता बाळाला घेऊन बाहेर आली. "अय्या, ताई! कधी आलात? आणि ह्या पोळ्यांच्या मावशी खुर्चीत का बसल्यात?"

"मला काय ठाव बाई!" मावशी म्हणाल्या. त्या मूळच्या लातूरकडच्या. "मी पुरणपोळ्या द्यायला आले. कुंकू लावायलेत, ओटी भरायलेत, म्हणलं असंल इकडची रीत!"

हशा झाला. मीही हसले, दुसरं काय करणार! पैठणी त्यांच्या मांडीवरून माझ्या मांडीवर आली. आजी मात्र पुटपुटतच होत्या, "पोरगी चुकतीया. ह्या आत्या न्हाईत. धाकटी भन आसंल."

मी पाळण्यात वाकले, 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं आणि पाठ पुढे करून डोळे मिटले. काही झालं नाही. मी आणखी वाकले. प्राजक्ताच्या आईंनी ताजा पापड चाचपावा तशी दोन बोटं लावली.

"नको गं बाई, मोडायच्या!"

बाकीच्यांनी हात मागे घेतले. वर्षभर मी एका वाक्यासाठी झुरले होते, आणि तिथे वाकलेली असताना मला फक्त एक सणसणीत धपाटा हवा होता. रडू आलं. बायकांना वाटलं, आत्याला भरून आलं.

मग जेवणं. माझं पाच मिनिटांत आटोपलं: नखाएवढी पोळी, दोन चमचे कटाची आमटी. "आवडलं नाही का?" असं चौघींनी विचारल्यावर मी उठून आतल्या खोलीत गेले. तिथे दिवाणावर पोळ्यांच्या मावशी पाठ टेकून बसल्या होत्या.

"काढलेलं पोट कुटं टाकलं ओ डाक्टरांनी?" त्यांनी एकदम विचारलं.

"माहीत नाही, मावशी."

"इचारायचं की! आपलंच होतं ना?" मग जरा वेळाने म्हणाल्या, "एकल्याच राहता? करमतं का?"

हे मला वर्षभरात कुणीच विचारलं नव्हतं. "वजन किती उतरलं?" सगळे विचारायचे.

"नाही करमत," मी म्हणाले.

"टेका जरा," म्हणत त्यांनी मला खांद्याशी ओढलं. काय मऊ होता तो खांदा! असला ऐवज मी स्वतःहून काढून टाकला होता, या विचारात माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा दारात ही गर्दी! सगळ्या बायका, पेढ्यांचा बॉक्स घेऊन कंपनीच्या युनिफॉर्ममधला विकास आणि सगळ्यांच्या पुढे आजी.

"ताई," विकास म्हणाला, "खाली पार्किंगपर्यंत आवाज येतोय!"

"ह्याच!" आजी काठी उंचावून ओरडल्या. "ह्याच आत्या! लग्नाच्या आदल्या राती आख्खं कार्यालय जागवलं व्हतं ह्यांनी! असलं घोरणं दुसऱ्या कुनाचं न्हाई!"

आणि त्यांनी काठी टाकून माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की सगळी हाडं जागच्या जागी मोजून झाली. मग बाकीच्या तुटून पडल्या.

वजन उतरलं की घोरणं आपोआप थांबेल, अशी डॉक्टरांनी मला छातीठोक खात्री दिली होती. देव त्यांचं भलं करो, माझं ऑपरेशन तेवढं बिघडवून ठेवलं त्यांनी!