विहिरीतल्या वामेची पाठवणी

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. जिल्हा मिळाला, पाणी कुठं मिळालं! मुरुडजवळच्या गावात माझ्या आत्याच्या मळ्यातली विहीर तळाला गेली, म्हणून गाळ काढायला गडी उतरले. एकजण किंचाळला, "नागोबा हाय!"

नागोबा कसला, ती वाम होती. सापासारखा लांबलचक मासा, कधीतरी पुराबरोबर विहिरीत आलेला. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. पण आत्या लग्न होऊन आली तेव्हापासून रोज काठावरून वामेला हाक मारायची, "ये गं बाई." आत्याला मूलबाळ नव्हतं. गाव हसायचं, मला मात्र तिचं भारी कौतुक.

"कापा की, लई चव असती," गडी म्हणाला.

"हात तर लावून बघ!" आत्या कडाडली.

टँकरच्या पाण्यातला आपल्या वाट्याचा हंडा तिनं वामेला दिला, त्यातच तिला ठेवलं. पण असं किती दिवस चालणार? जवळची मांजरा नदीही आटलेली. मी नांदेडला कॉलेजात होते, सुट्टीला आले होते. ती म्हणाली, "तुमच्या नांदेडात गंगा हाय न्हवं? चल." गोदावरीला ती गंगाच म्हणायची.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "हंड्यात काय हाय, मावशी?"

"लेक हाय. सासरी धाडायची हाय."

त्यानं वाकून पाहिलं आणि थेट ड्रायव्हरपाशी पळाला. त्याच्यामागं अर्धी गाडी पळाली. आत्या शांत बसलेली, ओला पदर हंड्यावर धरून.

गोदावरीच्या डोहाशी तिनं हंड्याला हळदकुंकू लावलं, मूठभर ज्वारीनं ओटी भरली आणि वाम सोडली. दुष्काळात तेवढी ज्वारीही मोठी होती. रडली मात्र खरोखर लेक गेल्यासारखी.

पुढं कितीतरी वर्षांनी मी वाचलं की वाम नदीत वाढते, पण अंडी घालायला जन्मात एकदाच समुद्रात जाते, ती परत येत नाही. आता धरणांनी तिच्या वाटा अडवल्यात, तिची जातच संकटात आलीय. काही ठाऊक नसताना आत्यानं खरीच पाठवणी केली होती! मी धावत जाऊन तिला सांगितलं.

"पोचली असंल का गं?" ती म्हणाली.

मला खोटं बोलवेना. "खाली धरण आहे, आत्या."

ती सुपातली ज्वारी निवडत राहिली.

"माझ्या विहिरीत थांबली की इतकी वर्सं. तितंबी थांबंल," ती म्हणाली. मग हात थांबला. "पण तितं हाक मारायला कोण हाय तिला?"