खुशाल सरांच्या चित्रातला पांढरा चौकोन

माझ्या वहीतली नोंद: १९ मे १९८९, शुक्रवार. उकाडा फार. खुशाल सरांच्या मुलीचं लग्न बुद्धविहारात साधेपणानं झालं. सुधाकररावांकडचं कोणी आलं नाही.

खुशाल सर बाजारहत्नूरच्या शाळेत गणित शिकवत आणि आमच्या शेजारी राहत. कोणतं घर कोणाच्या लग्नात चूल बंद ठेवून सगळंच्या सगळं जेवायला जातं, हे ते आलेखाच्या कागदावर मांडत. आडव्या ओळी घरांच्या, उभ्याही त्याच घरांच्या. जाणं असेल तिथे काळा चौकोन, नसेल तिथे पांढरा. आपसांत जाणारी घरं त्यांनी शेजारी लावली. आधी चाळीस, मग चारशे. कागद भिंतीला लावून त्यांनी मला अंगणाच्या टोकाला उभं केलं.

"बाई, चौकोन दिसतात का?"

दिसत नव्हते. तीन-चार करड्या छटा होत्या, चाळीस घरांच्या चित्रात होत्या त्याच. घरं वाढवत नेली तर चित्र याच छटांवर स्थिरावेल, असं ते म्हणत.

सुधाकरराव त्याच शाळेतले, जुने स्नेही. रोजचा चहा सरांकडे. वरच्या गल्लीची माहिती त्यांनीच आणली, त्यात स्वतःच्या घराचीही. एप्रिलमध्ये सर ती भरत होते, मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. सरांचं घर सुधाकररावांकडे जातं, तो चौकोन काळा. उलट बाजूचा, सुधाकररावांचं घर सरांकडे जाण्याचा, पांढरा पाहून ते थांबले.

"सुधाकरराव, हे लिहायचं राहून गेलं का?"

"राहून नाही गेलं. घरात इचारूनच लिवलं. आमच्या बाया तुमच्याकडं पंगतीला बसत नाहीत."

"अन् तुमी?"

"काऊन मनाला लावून घेऊन राह्यले, खुशालराव? तुमीच म्हणता ना, एवढ्या मोठ्या चित्रात एका चौकोनानं काही फरक पडत नाही."

"चित्राला नाही पडत," सर म्हणाले.

तरी चूलबंद आमंत्रण द्यायला ते पहिल्यांदा त्यांच्याच दारी गेले. सगळे येतो, असं सुधाकरराव म्हणाले होते. लग्नाच्या दिवशी पंगत उठली तरी सरांनी सुधाकररावांच्या घरच्या पाच जणांसाठी मांडलेल्या भिंतीकडच्या पत्रावळी उचलू दिल्या नाहीत. परतताना मी वरच्या गल्लीनं आले. सुधाकररावांच्या घरातून फोडणीचा वास येत होता.

सरांना मी हे सांगितलं नाही. वहीत त्या संध्याकाळी शेवटची ओळ लिहिली: आज दोन्ही वेळा आमच्या घरी चूल पेटवली नाही.